एक लाख पॉइंट आणि माझा विसराळूपणा

धाकट्या भावाचा मेसेज रात्री साडेअकराला आला. एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यावर बोटाने काढलेला लाल गोल आणि खाली तीनच शब्द : "ताई, घेऊन टाक."

हॉटेलच्या साखळीचं क्रेडिट कार्ड होतं. पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला की १,००,००० पॉइंट बोनस. त्याखाली बारीक अक्षरात, "दहा रात्रींपर्यंत मोफत मुक्काम". शिवाय दुसऱ्या वर्षापासून कार्ड चालू ठेवलं की दरवर्षी एका रात्रीचं सर्टिफिकेट वेगळं, म्हणजे ठरावीक पॉइंटांच्या आतल्या खोलीत एक रात्र फुकट.

मी ऑडिटमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे उकरल्यावर घरी तरी आकड्यांचा वीट यायला हवा, पण येत नाही. त्यात 'पर्यंत' हा शब्द कुठे दिसला की माझी झोप उडते. दहा रात्रींपर्यंत म्हणजे शून्य ते दहा. शून्य हाही 'पर्यंत'मध्येच बसतो. मी भावाला "उद्या सांगते" असं लिहिलं आणि चौकटीची वही काढली.

पहिल्या पानावर कार्डाचं नावसुद्धा लिहिलं नाही. मथळा घातला, 'गेल्या वर्षी मी कुठे कुठे झोपले'. हे पान आधी लिहायचं, असा माझा नियम आहे. खिशातून पैसे देऊन घराबाहेर काढलेल्या रात्री भरल्या नऊ. त्यातल्या दोन नातेवाइकांनी आग्रहाने बुक केलेल्या लॉजमध्ये, दोन एका छोट्या घरगुती गेस्ट हाउसात (तिथे मी पुन्हाही जाईन, पॉइंट मिळोत न मिळोत), आणि उरलेल्या पाच मोठ्या साखळीच्या हॉटेलांत. त्या पाचांपैकी या जाहिरातीतल्या साखळीच्या किती? तीन. वर्षाला तीन रात्री झोपणाऱ्या बाईला एक साखळी 'निष्ठावान ग्राहक' व्हा म्हणतेय, हे आधी वहीत लिहून ठेवलं.

आता थोडं टेबलाच्या पलीकडचं सांगते, कारण ते मला कामामुळे माहीत आहे. हॉटेल आपल्याला कार्डावर पॉइंट देतं असं वाटतं, पण ते पॉइंट बँकेने हॉटेलकडून ठोक भावात विकत घेतलेले असतात. हॉटेलच्या हातात पैसे येतात, पण ते सगळे लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाहीत. उद्या कुणीतरी येऊन खोली मागणार, ती द्यायची बाकी आहे. म्हणून तेवढी रक्कम देणं म्हणून वहीत पडून राहते. आयएफआरएस १५ नावाचं लेखा मानक १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं, त्याप्रमाणे हे चालतं. त्याच मानकात 'ब्रेकेज' नावाची एक गोष्ट आहे. किती पॉइंट कधीच वापरले जाणार नाहीत याचा कंपनीने अंदाज बांधायचा, आणि बाकीचे पॉइंट जसजसे वापरले जातील त्या प्रमाणात ही न वापरली जाणारी रक्कमही उत्पन्नात घ्यायची.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले होते. माझ्या विसराळूपणाचा अंदाज कुणीतरी रीतसर बांधतंय, त्यावर टिपणं लिहितंय, आणि माझ्यासारखीच कुणीतरी ऑडिटर त्यावर सही करतेय! मग माझ्या हिशेबात तो का नसावा? कंपनी माझा ब्रेकेज धरते आणि मी मात्र सगळेच्या सगळे पॉइंट वापरणार असं धरून कार्ड घेते, हे काही बरोबर नाही.

माझा ब्रेकेज किती, हे मला नेमकं ठाऊक आहे. पन्नास टक्के. पुरावा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक कार्ड होतं. दोन वर्षांत एकेका रात्रीची दोन सर्टिफिकेटं मिळाली. त्यातलं पहिलं वापरलं बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री. सकाळी सातला हॉस्पिटलात हजर राहायचं होतं, घर लांब, म्हणून चालत जाता येईल अशा हॉटेलात खोली घेतली. खोलीला ना देखावा ना काही. खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि एसीतून मिनिटाला एकदा 'टक्' असा आवाज यायचा. बाबा पलंगाच्या कडेला बसले, डाव्या डोळ्यावर हात ठेवून उजव्याने भिंतीवरचं चित्र बघून घेतलं, मग डावा उघडून उजवा झाकला. "उद्यानंतर हे चित्र कसं दिसतं ते बघायला परत यायला पाहिजे," म्हणाले. खोली फुकट आहे हे सांगितल्यावर त्यांनी दाराच्या मागचा दरफलक दोनदा वाचला. ती रात्र मी पैसे देऊनही घेतलीच असती. म्हणून त्या सर्टिफिकेटची किंमत माझ्या वहीत पूर्ण एक रात्र.

दुसरं सर्टिफिकेट मी जपून ठेवलं. कुठेतरी छान जागी वापरू म्हणून. मुदत वर्षाची होती. अकराव्या महिन्यात एका शनिवारी बसले, मनासारखं हॉटेल शोधलं, तर खोलीला जेवढे पॉइंट लागत होते ते सर्टिफिकेटच्या मर्यादेपेक्षा फक्त हजाराने जास्त. वरचे हजार आपल्या खात्यातून घालू द्यायची सोय त्या कार्डावर नव्हती. मग दुसरं हॉटेल बघितलं, दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली, तरी बुकिंग होईना. फोन केल्यावर कळलं की मुदतीच्या आत नुसतं बुकिंग करून भागत नाही, मुक्काम पुरा व्हायला हवा. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात बोलत होती, तिचा काही दोष नव्हता. नियम मला आलेल्या ईमेलमध्ये चौथ्या ओळीत होता. मी तीन ओळी वाचल्या होत्या.

दोनातलं एक गेलं, म्हणजे पन्नास टक्के. नमुना लहान आहे, पण तपासलेला आहे.

आता पॉइंटांकडे. लोक इथे हमखास फसतात, मीही फसले होते. एका साखळीचा पॉइंट आणि दुसऱ्या साखळीचा पॉइंट ही दोन वेगळी चलनं आहेत. हायटच्या कार्डावरचा बोनस हिल्टनच्या बोनसपेक्षा आकड्याने कितीतरी लहान दिसतो, पण हायटच्या खोल्यांना पॉइंटही कमी लागतात. हिल्टनच्या महागड्या हॉटेलांत साध्या खोलीच्या एका रात्रीला लाखाच्या वर पॉइंट जातात. तेव्हा नुसता बोनसचा आकडा बघून दोन कार्डांची तुलना करणं म्हणजे मीटर आणि फूट यांची बेरीज करण्यासारखं आहे.

आणि भाव छापलेला असतो असंही नाही. हायट अजून श्रेण्यांचा तक्ता (कोणत्या श्रेणीच्या हॉटेलला किती पॉइंट) ठेवून आहे, पण हिल्टनने तो २०१७ मध्ये काढून टाकला आणि मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. तक्ता गेला की पॉइंटांचा भाव मागणीप्रमाणे रोज हलू शकतो. जुन्या माणसांना स्टारवुड या हॉटेल साखळीचे पॉइंट आठवत असतील. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवुड विकत घेतलं, तेव्हा स्टारवुडच्या एका पॉइंटला मॅरियटचे तीन मिळाले. २०१८ मध्ये दोन्ही योजना एकत्र झाल्या आणि २०१९ मध्ये 'बॉनव्हॉय' हे नाव आलं. एवढ्या वेळात साठवून ठेवणाऱ्यांनी किती नियम पाठ केले आणि किती विसरले असतील! पॉइंटांवर व्याज मिळत नाही. भाव मात्र वाढू शकतो, आपल्या विरुद्ध दिशेने. म्हणून वर्षाच्या आत वापरता येणार नाहीत ते पॉइंट मी हिशेबात जवळजवळ धरतच नाही.

मग मी खऱ्या तारखा घेतल्या. मावसबहिणीच्या मुलीचं पदवीदान आहे, तिथे तीन रात्री राहायचंच आहे, तारीख बदलणार नाही. त्या शहरातलं त्या साखळीचं हॉटेल उघडलं आणि तीन रात्रींचे पॉइंट बघितले : ३८,०००, ४२,००० आणि ४५,०००. बेरीज १,२५,०००. म्हणजे बोनसमध्ये दोन रात्री बसतात, तिसरी नाही, आणि २०,००० हातात उरतात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसलं शेपूट. (सलग पाच रात्री असत्या तर गंमत वेगळी होती. मॅरियटमध्ये सगळा मुक्काम पॉइंटांवर केला तर पाचात एक रात्र सुटते, हिल्टनमध्येही सिल्व्हर किंवा त्यावरचा सदस्यत्वाचा दर्जा असेल तर पाचवी सुटते. पण पदवीदानाला पाच रात्री कोण थांबवून घेणार?)

हिशेबासाठी मी चलन वापरतच नाही. गेल्या वर्षीच्या त्या पाच हॉटेलांच्या भाड्याची सरासरी म्हणजे 'एक रात्र', हे माझं माप. पदवीदानाच्या दिवसांत त्या हॉटेलचं भाडं चढलेलं, करासकट सव्वा रात्र. जाहिरातीच्या हिशेबाने मला दोन सव्वा, म्हणजे अडीच रात्रींचा फायदा. पण खरं सांगायचं तर पॉइंट नसते तर मी त्या हॉटेलात पाऊलही टाकलं नसतं. दोन चौक पलीकडे ०.८ रात्रीत चांगली खोली मिळत होती, तीच घेतली असती. मग माझे वाचणारे पैसे ०.८ धरायचे, सव्वा नाही. वरचा फरक म्हणजे जाड गादी आणि लॉबीतला मोठा फुलदाणा. त्यांचा आनंद मी घेईनच, पण त्यांना बचत म्हणणार नाही.

दोन रात्रींचे झाले १.६. शेपटात खर्चावर मिळणारे साधे पॉइंट मिळवले तर जेमतेम एखादी स्वस्त रात्र होईल, तिची किंमत ०.६ धरली. तिला अजून तारीख नाही, म्हणून माझा पन्नास टक्के ब्रेकेज लावून ०.३. एकूण १.९.

आता वजाबाकी. वार्षिक फी ०.४ रात्र, ती पहिल्याच बिलात लागते. आणि एक खर्च बिलात कुठेच दिसत नाही. बोनससाठी तीन महिन्यांत जो खर्च करायचा, तो माझ्या मापाने साधारण वीस रात्रींच्या भाड्याएवढा. हाच खर्च मी माझ्या साध्या दोन टक्के कॅशबॅकच्या कार्डावर केला असता तर ०.४ रात्र रोख परत आली असती. ती सोडावी लागते. १.९ मधून ०.८ गेले, राहिले १.१.

दहा रात्रींपर्यंत म्हणत होते. एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीचा थोडा सकाळचा वेळ.

यात मी कार्डाबरोबर मिळणारा दर्जा धरलेला नाही. सिल्व्हर, गोल्ड ही नावं ऐकायला भारदस्त, पण मॅरियटच्या सिल्व्हरमध्ये मुख्यतः पैसे भरून केलेल्या मुक्कामावर दहा टक्के जादा पॉइंट आणि खोली मोकळी असली तर उशिरा सोडायची मुभा. 'असली तर'. हिल्टनचा गोल्ड त्यामानाने कामाचा, नाश्त्याची काहीतरी सोय होते. पण तीन रात्रींच्या माणसाने दर्जासाठी कार्ड घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

एक गोष्ट मात्र दर्जापेक्षा महत्त्वाची, आणि जाहिरातीत ती कधीच नसते : रिसॉर्ट फी. काही हॉटेलं भाड्याशिवाय दर रात्री वेगळी फी लावतात, तरणतलाव वापरा नाहीतर वापरू नका. पूर्ण पॉइंटांवर बुक केलेल्या मुक्कामाला हिल्टन आणि हायट ही फी माफ करतात, मॅरियटमध्ये ती भरावी लागते. फुकट रात्रीचं बिल आल्यावर होणारा चेहरा टाळायचा असेल तर बुकिंगच्या शेवटच्या पानावर 'हॉटेलात भरायची रक्कम' ही ओळ शोधा.

खर्चाच्या अटीबद्दलही सांगायला हवं. कार्डाची वार्षिक फी त्या खर्चात धरत नाहीत, रोख काढलेली रक्कम धरत नाहीत, आणि परत केलेल्या वस्तूंचे पैसे वजा होतात. बहुतेक ठिकाणी तीन महिने कार्ड मंजूर झाल्यापासून मोजतात, पाकीट घरी आल्यापासून नाही. आठ-दहा दिवस तिथेच जातात. उरलेल्या दिवसांत खर्च जमवायला म्हणून नको ते विकत घेतलं, की वरचा १.१ संपलाच. आणि ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही त्याने हा नाद करू नये; व्याजापुढे कुठलाही बोनस टिकत नाही.

मी माझे येत्या वर्षातले मोठे, अटळ खर्च लिहून काढले. विम्याचा हप्ता, मुलाची फी, घराची रंगरंगोटी. तिन्ही एकाच तिमाहीत येतात, पण ती तिमाही चार महिन्यांनी सुरू होते. आज कार्ड घेतलं तर माझा रोजचा खर्च अटीच्या निम्म्यावरही पोचत नाही. चार महिन्यांनी घेतलं तर काही न करता पुरा होतो, आणि पदवीदानाच्या आत पॉइंटही खात्यात येतात. फक्त तोपर्यंत खोल्यांचे पॉइंट वाढले तर वाढले. तो धोका मी पत्करला.

थांबण्याला आणखी एक कारण आहे. स्वागताचे बोनस वर्षभर खालीवर होतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मिळत नाहीत. अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेस साधारणपणे एका कार्डाचा बोनस आयुष्यात एकदाच देते. तिथल्याच चेस बँकेचा '५/२४' म्हणून प्रसिद्ध नियम आहे, २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डं घेतली असतील तर सहसा अर्ज नाकारतात. एकदाच मिळणारी गोष्ट घाईत घ्यायची नसते, हे काही बँकेने शिकवायला नको.

दुसऱ्या वर्षाचा हिशेब दोन ओळींचा. फी ०.४ जाणार. सर्टिफिकेटची रात्र माझ्या लेखी ०.८, तिच्यावर ब्रेकेज पन्नास टक्के, म्हणजे ०.४ येणार. शून्य. म्हणून वहीत कार्ड घेतल्यापासून बारा महिने पुरे होतात त्या तारखेला 'बंद करायचं का?' असं लिहिणार आहे. त्याआधी नाही, कारण वर्षाच्या आत बंद केलं तर काही बँका बोनस परत घेतात. हॉटेलच्या खात्यात जमा झालेले पॉइंट मात्र सहसा कार्ड बंद झाल्यावरही राहतात. बाबांना दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली तर गोष्ट वेगळी, मग ते सर्टिफिकेट पूर्ण किमतीचं.

भावाचं गणित माझ्याहून चांगलं निघेल, हेही मी वहीत लिहिलं. तो कामानिमित्त महिन्यातून चार-पाच रात्री बाहेर असतो, भाडं कंपनी भरते आणि पॉइंट मुक्काम करणाऱ्याच्या खात्यात पडतात. फक्त बुकिंग थेट हॉटेलकडे व्हायला हवं. तिसऱ्याच वेबसाइटवरून केलेल्या बुकिंगवर साखळ्या सहसा पॉइंट देत नाहीत. त्याच्या कंपनीचं बुकिंग कोण आणि कुठून करतं, हे त्याला विचारायचं होतं.

कामाच्या गडबडीत ते राहिलं. दोन आठवड्यांनी त्याचाच फोन आला.

"ताई, तुझं ते वहीचं झालं का? मी घेतलं कार्ड. आजच पाकीट आलं."

"बरं. मंजुरी कोणत्या तारखेची आहे?"

"म्हणजे?"

"तीन महिने त्या तारखेपासून मोजतात. कार्डाबरोबर पत्र असेल, त्यात बघ."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला, मग ड्रॉवर उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही.

"ताई," तो म्हणाला, "ते पत्र फाडून टाकलं वाटतं मी."